मोल्सवर्थ कुठले? इंग्रजी आडनावाचा माग काढायचा असेल तर

एखादा जुना शब्द अडला की आमच्या घरात अजूनही "मोल्सवर्थमध्ये बघ" असंच म्हणतात. १८३१ साली पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेला तो मराठी-इंग्रजी कोश आता शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोबाइलवरही चाळता येतो. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आणि मराठी पंडित यांना सोबत घेऊन त्याने हे काम उभं केलं. त्याचं आडनाव मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्या आडनावालाही अर्थ आहे, त्याचंही एक गाव आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

मग मी त्याचा माग काढला. त्या वाटेवर जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. तुमच्यासमोर दुसरंच आडनाव असेल: धरणाच्या कोनशिलेवरचं, जुन्या दफनभूमीतल्या दगडावरचं, किंवा आजोबांच्या नोकरीच्या दाखल्यावर सही करणाऱ्या साहेबाचं. पायऱ्या त्याच. उदाहरण मात्र मी शेवटपर्यंत मोल्सवर्थचंच घेणार आहे, कारण एकच नाव धरून शेवटपर्यंत गेलं की पद्धत पक्की बसते.

पहिली पायरी: मूळ स्पेलिंग मिळवा

आपल्याकडे अडचण इथेच सुरू होते. इंग्रजी नाव मराठीत येताना कानावर पडलं तसं लिहिलं गेलं. मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ अशी तिन्ही रूपं छापलेली सापडतात. हे तरी सोपं. "अलपिष्टन" म्हणजे एल्फिन्स्टन हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. वडगाव मावळात ज्याचं थडगं आहे तो "इष्टूर फाकडा" म्हणजे कॅप्टन स्टुअर्ट, जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांशी लढताना पडलेला इंग्रजांच्या बाजूचा अधिकारी. त्याच्या शौर्याला दाद म्हणून लोकांनी त्याला फाकडा केलं आणि स्टुअर्टचा इष्टूर केला. आता "इष्टूर" हे रूप धरून इंग्लंडच्या नोंदवह्यांत शोधायला गेलात तर काहीच मिळणार नाही.

म्हणून आधी मूळ रोमन अक्षरं मिळवा. दगड असेल तर तिरप्या उजेडात, सकाळी नाहीतर संध्याकाळी फोटो काढा. भर दुपारी झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. पुस्तक असेल तर मुखपृष्ठ सोडून आतलं शीर्षकपान बघा. आपल्या नावाची अक्षरं अशी: एम, ओ, एल, ई, एस, डब्ल्यू, ओ, आर, टी, एच. ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दुसरी पायरी: नाव इंग्रजच आहे ना, आणि कोणत्या जातकुळीचं?

मुंबईच्या रस्त्यांना आणि बाजारांना दिलेली कितीतरी "इंग्रज" नावं इंग्लंडची नाहीतच. एल्फिन्स्टन आणि क्रॉफर्ड ही स्कॉटलंडमधल्या गावांवरून आलेली, माल्कम स्कॉटलंडच्या जुन्या व्यक्तिनामावरून. स्टुअर्टसुद्धा तिकडचाच: स्टिवर्ड म्हणजे मोठ्या घराचा कारभारी, हुद्द्यावरून पडलेलं नाव. फ्रिअर हे फ्रेंच, अर्थ "भाऊ", म्हणजे मठातला बंधू. हे आधी ठरवणं महत्त्वाचं आहे. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांची दप्तरं वेगवेगळी आहेत. चुकीच्या देशात शोधलंत तर महिने वाया जातात.

इंग्लंडची आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची. गावावरून किंवा जागेवरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर शिंपी, फ्लेचर बाण करणारा. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. रसेल म्हणजे तांबूस केसांचा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कुलकर्णी, देशपांडे, जोशी हे आपले हुद्दे आणि व्यवसाय. आणि गावापुढे "कर" लावून होणारी आडनावं तर आपल्याकडे शेकड्यांनी.

मोल्सवर्थ हे त्यातलं "कर" गटातलं. शेवटचा तुकडा "वर्थ" दिसला की बहुतेक वेळा गावाचंच नाव समजावं. बटरवर्थ, अ‍ॅशवर्थ, एन्सवर्थ ही सगळी त्याच घरातली.

तिसरी पायरी: अर्थ काढा, पण आजच्या इंग्रजीवरून नाही

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. आजच्या इंग्रजीत "मोल" म्हणजे जमिनीत बिळं करणारा चिचुंदरीसारखा प्राणी आणि "वर्थ" म्हणजे किंमत. दोन्ही जोडून काहीतरी अर्थ बसवायचा मोह होतो. तो आवरा. गावाचं नाव हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या भाषेतलं आहे. आजचा शब्द तिथे नुसता सारखा दिसतो, एवढंच.

नियम असा: नावाचं जुन्यात जुनं लिखित रूप आधी शोधायचं, मगच अर्थ. इंग्लंडात त्यासाठी सगळ्यात मोठा आधार म्हणजे डूम्सडे बुक, विल्यम राजाने १०८६ साली करवलेली जमिनींची पाहणी. तिच्यात हे गाव "मोल्सवर्दे" अशा रूपात नोंदलेलं आहे. त्याची फोड जुन्या इंग्रजीप्रमाणे दोन भागांत होते. पहिला भाग "मूल" हे माणसाचं नाव. (मराठी "मूल" शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. अर्थ होता खेचर.) ते त्या काळी खरोखर वापरात होतं. केंटचा मूल नावाचा एक राजा ६८७ साली जाळून मारला गेला. गावाचा मूल तो नव्हे, पण नाव तेच. दुसरा भाग "वर्थ": कुंपण घातलेली जागा, घर आणि त्याभोवतीचं बंदिस्त आवार.

म्हणजे मोल्सवर्थ: मूल नावाच्या माणसाचं कुंपणातलं आवार. आपल्याकडे एक शब्द आहे जो याला जवळजवळ नेमका बसतो, तो म्हणजे वाडी. मी मुद्दाम मोल्सवर्थच्याच कोशात "वाडी" काढून बघितला. तिथे पहिला अर्थ दिला आहे तो कुंपणाने बंदिस्त केलेलं कुरण किंवा बागायत. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. स्वतःच्या आडनावाचा अर्थ त्या माणसाने पुण्या-मुंबईकडच्या शब्दांत नकळत लिहून ठेवला होता, की त्यालाही तो ठाऊक होता? मला माझ्यापुरतं एवढं पुरे आहे की मुळवाडीकर म्हटलं तर अर्थाच्या फार लांब जात नाही.

हे गाव आज केंब्रिजशर परगण्यात आहे. १९६५ पर्यंत तिथे हंटिंग्डनशर हा स्वतंत्र परगणा होता, मग हंटिंग्डन आणि पीटरबरो असा जोडपरगणा झाला, आणि १९७४ मध्ये तो केंब्रिजशरमध्ये गेला. हे नोंदवून ठेवा, कारण १९६५ च्या आधीचे कागद तुम्हाला हंटिंग्डनशरच्या नावाखाली सापडतील. इंटरनेटवर गाव शोधलंत तर आधी लष्करी विमानतळ येईल. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं होतं, त्याविरुद्ध शांततावाद्यांनी छावणी टाकली, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ती सैन्य लावून उठवली गेली. शोधात "परगणा" आणि "पॅरिश" (एका चर्चच्या हद्दीतला भाग) हे शब्द इंग्रजीत जोडले की हा सगळा मजकूर मागे पडतो आणि गाव पुढे येतं.

आणखी एक सावधगिरी. चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचं गाव आहे. लिहिण्यात जरासाच फरक, अर्थ मात्र वेगळा: टेकडीजवळचं आवार. जुन्या कारकुनाने घाईत एखादं अक्षर गाळलं की तिकडचा माणूस इकडचा होतो. म्हणून चेशर किंवा शेजारच्या लँकेशरमधली जुनी नोंद हाती आली तर ती लगेच हंटिंग्डनशरच्या गावाला जोडू नका.

जरा थांबून: आडनाव गावात पडत नाही

हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. वाईत राहणाऱ्याला वाईत कोणी वाईकर म्हणत नाही. तिथे सगळेच वाईचे. तो पुण्याला गेला, साताऱ्याला गेला, की तिथले लोक विचारतात कुठला, आणि मग तो वाईकर होतो. इंग्लंडातही नेमकं हेच घडलं. मोल्सवर्थ गावात राहणाऱ्या शेतकऱ्याला मोल्सवर्थ म्हणून ओळखण्यात काही अर्थ नव्हता. गाव सोडून गेलेल्याला, किंवा गावाच्या मालकाला, ते नाव चिकटलं.

म्हणून गावावरचं आडनाव हा बहुधा कोणीतरी गाव सोडल्याचा पुरावा असतो. ज्या गावाचं नाव तिथेच ते आडनाव आज दाट असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिला शोध गावात घ्या, पण दुसरा लगेच आजूबाजूच्या बाजारगावांत आणि शेजारच्या परगण्यात घ्या.

मालकाचा प्रकार वेगळा. १०६६ मध्ये नॉर्मन आल्यानंतर जमीनदार घराण्यांनी आपल्या इस्टेटीचं नाव लावायला सुरुवात केली आणि ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. साध्या माणसांपर्यंत ही चाल पोचायला तीनशे वर्षं लागली. साधारण १४०० पर्यंत इंग्लंडातल्या बहुतेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव होतं. त्याआधीच्या कागदात "वॉल्टर दे मोल्सवर्थ" असं दिसेल. "दे" म्हणजे "चा". पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातला असा एक सर वॉल्टर दे मोल्सवर्थ पुढच्या उमराव घराण्याचा मूळपुरुष सांगितला जातो. हंटिंग्डनशरच्या बाबतीत एक भाग्याची गोष्ट म्हणजे १२७९-८० ची हंड्रेड रोल्स नावाची जमीनपाहणी या परगण्यापुरती चांगली टिकली आहे. बऱ्याच परगण्यांची नाही.

चौथी पायरी: जितकी रूपं तितक्यांदा शोधा

अठराव्या शतकापर्यंत स्पेलिंग ही ठाम गोष्ट नव्हती. चर्चचा पाद्री ऐकेल तसं लिहायचा. मोल्सवर्थच्या जागी मौल्सवर्थ, मोल्लेसवर्थ असं काहीही मिळू शकतं. तुमच्या यादीत किमान पाच रूपं हवीत. "ओ" च्या जागी "ओयू" आणि "ओडब्ल्यू", एका "एल" ऐवजी दोन, मधला "ई" गाळलेला, शेवटचा "टीएच" गाळलेला, अशी जुळवणी करा. बहुतेक शोधयंत्रांत अनिश्चित अक्षराच्या जागी तारा-चिन्ह चालतं. "एम-ओ, तारा, वर्थ" असं दिलं की अर्धं काम होतं.

बायकांच्या बाबतीत तर आणखी जपून. १६३२ मध्ये मार्था मौल्सवर्थ नावाच्या एका विधवेने आपल्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यावर पंचावन्न द्विपदी लिहिल्या. इंग्रजीत स्वतःचं चरित्र कवितेत सांगणाऱ्या आरंभीच्या बायकांपैकी ती एक. तिचं माहेरचं नाव डॉर्सेट. मग पहिल्या नवऱ्याचं प्रिन, दुसऱ्याचं थरोगुड, आणि तिसऱ्या नवऱ्याचं, बेव्हिल मौल्सवर्थचं. एका आयुष्यात चार आडनावं, आणि शेवटच्याचं स्पेलिंगही आजच्याहून वेगळं. आपल्याकडे माहेरचं आणि सासरचं नाव सांभाळताना जी कसरत होते तीच ही. वंशवेल लिहिताना स्त्रीचं माहेरचं आडनावच मुख्य ठेवा आणि लग्नानंतरचं खाली लिहा. उलट केलंत तर दोन पिढ्यांत गोंधळ होतो.

पाचवी पायरी: आजपासून मागे

मूळपुरुषापासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो. तसं करू नका. ज्या माणसाबद्दल खात्री आहे त्याच्यापासून एकेक पिढी मागे जा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद आहे. तिची सूची इंटरनेटवर फुकट बघता येते, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत मुलाच्या आईचं माहेरचं आडनावही मिळतं. शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण माणसांची नावं १८४१ पासूनच्याच कागदांत टिकून आहेत. १८४१ च्या शिरगणतीत प्रौढांची वयं खाली पाचाच्या पटीत आणून लिहिलेली असतात. एकोणचाळीस वर्षांचा माणूस तिथे पस्तीसचा दिसेल. त्या वर्षी जन्मगावही नाही, फक्त याच परगण्यात जन्मला का, हो किंवा नाही. जन्माची पॅरिश १८५१ पासून मिळते. शिरगणती शंभर वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत जळली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे यापुढची खुली व्हायला बराच काळ जाणार.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या नोंदवह्या. त्या १५३८ मध्ये ठेवायला सुरुवात झाली, पण प्रत्येक पॅरिशच्या वह्या तितक्या जुन्या टिकलेल्या नाहीत. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असल्या तर घाबरू नका: जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. एक खाच मात्र पाठ करा. १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे "१० फेब्रुवारी १६९०" असं लिहिलेली तारीख आपल्या मोजणीत १६९१ ची असते. मी आधी हे विसरले, आणि माझ्या टिपणात एक मूल आईबापांच्या लग्नाच्या आधी जन्मलं. अशा तारखेत दोन्ही वर्षं तिरप्या रेघेने, १६९०/९१ अशी, लिहिण्याची पद्धत आहे. तीच वापरा.

आयर्लंडचं दुखणं वेगळं. १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि शतकांचे कागद गेले. १९०१ आणि १९११ च्या आयरिश शिरगणत्या मात्र पूर्ण आहेत आणि फुकट बघता येतात. मोल्सवर्थांची एक मोठी शाखा आयर्लंडची, त्यामुळे ही आग आपल्यालाही लागते.

सहावी पायरी: एका नावाची माणसं वेगळी करा

मोल्सवर्थ दुर्मीळ आडनाव, म्हणून सगळे एकाच घरातले असणार असं धरून मी सुरुवातीला टिपणं काढली. ती नंतर फाडावी लागली. प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान द्या.

आयर्लंडच्या शाखेत डब्लिनला जन्मलेला रॉबर्ट मोल्सवर्थ. बाप क्रॉमवेलच्या (सतराव्या शतकातल्या इंग्रज सेनानीच्या) फौजेला माल पुरवणारा व्यापारी. रॉबर्ट डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट झाला, म्हणजे उमराव. कॉर्नवॉलमध्ये पेंकॅरोची शाखा, १६८९ पासून बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारी "सर" ही पदवी). तिच्यातला सर विल्यम मोल्सवर्थ पार्लमेंटमधला सुधारणावादी. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७-३८ च्या समितीचा तो अध्यक्ष होता, आणि १८५५ मध्ये वसाहतींचा मंत्री होऊन त्याच वर्षी वारला. लँकेशरमध्ये रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे पाद्री, जॉन मोल्सवर्थ. त्यांचा मुलगा गिलफर्ड मोल्सवर्थ हा रेल्वेचा इंजिनिअर, १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचा सरकारी रेल्वेसाठीचा सल्लागार. त्याची सूत्रांची खिशात मावणारी पुस्तिका कित्येक पिढ्या इंजिनिअरांनी वापरली. आणि आपले कोशकार जेम्स थॉमस, जन्म १७९५, मृत्यू १८७१. जुन्या कागदात "मोल्सवर्थ साहेब" एवढंच असेल तर वर्ष बघा. १८७१ नंतर हिंदुस्थानात वावरणारा मोल्सवर्थ साहेब कोशकार नव्हे. बहुधा तो इंजिनिअर असेल, पण तेही कागदावरून सिद्ध करायचं, अंदाजाने नाही.

आडनाव एक म्हणून कोशकाराला थेट व्हायकाउंटच्या वंशवेलीत टांगू नका. आधी त्याचा बाप्तिस्मा, बापाचं नाव, मग बापाचा बाप, असं चढत जा.

सातवी पायरी: हिंदुस्थानातलं टोक

इथे आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रात बसून शोधणाऱ्यांना, एक मोठी सोय आहे. कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून भरती व्हायचं तर बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. ते कॅडेट पेपर्स लंडनला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. जन्मगावच ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्याचं जन्मगाव सापडण्याची ही सगळ्यात खात्रीची जागा. त्याच दप्तरात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी १७०९ पासूनच्या आहेत.

ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातल्या कुटुंबांसाठी काम करणारी फिबिस ही संस्था आपला बराच माहितीसाठा फुकट शोधू देते. दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी बक्सा ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल एकदा बघून याच. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या त्या वास्तूच्या भिंती स्मृतिशिळांनी भरल्या आहेत, आणि बऱ्याच शिळांवर वय, पलटण, बापाचं गाव असा मजकूर असतो. मुंबईचं राज्य अभिलेखागार आणि पुण्याचं पेशवे दप्तर इथे मोडी वाचता येत असेल तर इंग्रज माणसांची मराठी कागदातली रूपं मिळतात. पहिल्या पायरीवरचा इष्टूर इथे उपयोगी पडतो.

आठवी पायरी: आज हे नाव कुठे कुठे आहे?

नकाशा बनवायचा तर एक जुना आणि एक नवा असे दोन थर लागतात. जुन्यासाठी १८८१ ची शिरगणती सगळ्यांची आवडती, कारण ती पूर्ण उतरवून झाली आहे आणि सहज शोधता येते. नव्यासाठी मतदार याद्यांवर आधारलेले नकाशे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने १८८१ आणि १९९८ यांची तुलना करणारे आडनावांचे नकाशे केले होते, आणि त्यांनी ही पद्धत लोकप्रिय केली.

आधी ज्याचं चित्र स्पष्ट दिसतं असं एखादं नाव घेऊन डोळा बसवा. सटक्लिफ घ्या. अर्थ "दक्षिणेकडचा कडा", उगम यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सच्या आसपास. १८८१ च्या नकाशावर तिथे गडद डाग दिसतो आणि आजही तो पुसलेला नाही. यॉर्कशरचा हर्बर्ट सटक्लिफ, ५४ कसोट्यांत साठाच्या वर सरासरी राखणारा, क्रिकेटवेड्यांना आठवत असेल. आणि १९५५ मध्ये दिल्लीत आपल्याविरुद्ध नाबाद २३० करणारा बर्ट सटक्लिफ न्यूझीलंडचा. आडनाव हॅलिफॅक्सच्या कड्याचं, माणूस ऑकलंडचा. डाग एका जागी आणि शिंतोडे समुद्रापार, असं हे चित्र असतं.

मोल्सवर्थ तसं नाही. माणसं मोजकी आणि इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, उत्तर अमेरिका अशी पांगलेली. मोजक्या आडनावाचा नकाशा वाचताना प्रत्येक ठिपक्याला "का?" विचारावं लागतं. रॉचडेलच्या परिसरात वर्थवाली आडनावं भरपूर, अ‍ॅशवर्थ आणि बटरवर्थ तिथलेच. पण रॉचडेलला मोल्सवर्थ दिसले तर तिथले भूमिपुत्र समजू नका. व्हिकरची नेमणूक झाली, मोठं कुटुंब घेऊन ते आले, आणि १८७७ पर्यंत तिथेच राहिले. एका माणसाच्या बदलीने नकाशावर ठिपका उमटतो. सरकारी नोकरीत बाप असलेल्या मराठी घराला हे लगेच पटेल. तसंच मेलबर्नचं. तिथल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात रॉबर्ट मोल्सवर्थ न्यायाधीश होते, आणि ते डब्लिनचे.

माणसांचा नकाशा आणि पाट्यांचा नकाशा वेगळा ठेवा. डब्लिनची मोल्सवर्थ स्ट्रीट, कॉर्नवॉलमध्ये वेडब्रिजची मोल्सवर्थ स्ट्रीट, वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या पार्लमेंटजवळची मोल्सवर्थ स्ट्रीट, व्हिक्टोरिया आणि टास्मानियातली मोल्सवर्थ गावं, आणि न्यूझीलंडचं सगळ्यात मोठं पशुपालन केंद्र, एक लाख ऐंशी हजार हेक्टरचं मोल्सवर्थ स्टेशन. यातली काही नावं जमीनमालकीवरून आली, काही वसाहतींच्या राजकारणातल्या एका माणसाच्या मानासाठी दिली गेली. तिथे त्या आडनावाची माणसं असतीलच असं नाही.

आकड्यांबद्दल एक सांगते. "जगात या आडनावाची इतकी माणसं" असं छातीठोक सांगणाऱ्या साईट बहुतेक वेळा अंदाज करतात. अमेरिकेचा जनगणना विभाग मात्र शंभर किंवा जास्त वेळा आलेली आडनावं स्वतः प्रसिद्ध करतो. २०१० च्या यादीत अशी १,६२,२५३ आडनावं आहेत. तो आकडा मोजलेला असतो. टिपणात मोजलेला आकडा आणि अंदाज वेगवेगळ्या रंगांत लिहा.

आडनाव टाकलं की "तुमच्या घराण्याचं मानचिन्ह" चौकटीत घालून विकणारे भेटतील. पैसे देऊ नका. इंग्लंडात मानचिन्ह माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही.

पत्र कसं लिहावं

कधीतरी दप्तरखान्याला ईमेल करायची वेळ येते. मोल्सवर्थ गावासाठी ते ठिकाण हंटिंग्डनशर आर्काइव्हज, हंटिंग्डन गावातच. तिथली माणसं मदत करतात, पण त्यांना तुमची सगळी कहाणी वाचायला वेळ नसतो. आडनाव आणि त्याची सगळी रूपं, पॅरिश, वर्षांची मर्यादा (वीस वर्षांहून जास्त नको), आणि तुम्ही आधी काय काय पाहिलं आहे, एवढं चार ओळींत लिहा. मग एकच प्रश्न विचारा. "या पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वह्या कोणत्या वर्षापासून टिकून आहेत, आणि अमुक ते तमुक या वर्षांत या नावाची नोंद आहे का?" शुल्क किती हे कळवा म्हणावं, आणि वहीचं पान मोबाइलवर फोटो काढून मिळेल का तेही विचारावं. उतारा मिळाला तरी मूळ पानाचा फोटो मागून घ्या. उतरवणाऱ्याने वाचलेलं अक्षर आणि तुमच्या डोळ्यांना दिसलेलं अक्षर यात फरक असू शकतो, आणि एका अक्षराने माणूस हंटिंग्डनशरचा चेशरला जातो हे आपण वर पाहिलंच.